महादजी शिंदे आणि राणेखान भाई

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी स्थानके घेत तळेगावला पोहोचते आणि त्यानंतरचे स्थानक येते वडगाव. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि तळेगाव-चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी आपली कित्येक कुटुंबे आज याच पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. वडगाव मावळ येथे सरदार महादजी शिंदे यांचे स्मारक आहे. इंग्रजांना शरण आणणारा सेनापती म्हणून हे नाव शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असते. मात्र हा सेनापती एका पायाने अधू होता, आणि पानिपतच्या रणभूमीवर एका पाणक्याने आपल्या बैलावर घालून त्यांना वाचविले नसते तर वडगावचा विजय त्यांच्या हातून घडलाच नसता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या पाणक्याचे नाव राणेखान. या दोघांच्या मैत्रीच्या अंगाने महादजींच्या जीवनाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कण्हेरखेडचे शिंदे

सातारा परिसरातील कण्हेरखेड हे शिंदे घराण्याचे मूळ गाव. घराण्याचा उत्कर्ष झाला तो राणोजी शिंदे यांच्या काळात. पहिल्या बाजीरावांच्या बरोबरीने राणोजींनी माळव्यात मराठ्यांचा पाय रोवला. महादजी हे राणोजींचे सर्वांत धाकटे पुत्र. त्यांचा जन्म सुमारे १७३० सालचा. चिमाबाई ही त्यांची आई. घराण्याचा मान आणि दौलत थोरल्या शाखेकडे होती. त्यामुळे धाकट्या शाखेतील या मुलाच्या वाट्याला कधी काळी सरदारकी येईल, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु पुढील काही वर्षांत या घराण्यावर आघातांमागून आघात कोसळले. १७५५ साली थोरले बंधू जयाप्पा यांचा नागोर येथे घात झाला. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर लढता लढता पडले. त्याच लढाईत जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी जखमी झाले. एका वर्षाने पानिपतचा रणसंग्राम झाला, तेव्हा शिंद्यांच्या पथकाचे नेतृत्व याच जनकोजींकडे होते. महादजी आणि त्यांचे सख्खे बंधू तुकोजी हे दोघेही त्या पथकात होते.

१४ जानेवारी १७६१

पानिपतच्या मैदानावर मराठी सैन्य आणि अहमदशहा अब्दालीचे सैन्य दोन महिन्यांहून अधिक काळ एकमेकांसमोर तळ देऊन होते. मराठ्यांची रसद तुटली होती. माणसे आणि जनावरे दोन्ही उपाशी होती. सैनिकांबरोबर यात्रेकरू, स्त्रिया, मुले आणि बाजारबुणगे मिळून हजारो माणसे छावणीत अडकून पडली होती. अखेर संक्रांतीच्या सुमारास, १४ जानेवारी रोजी मराठे उपाशीपोटीच लढाईला बाहेर पडले. दुपारपर्यंत लढाई अटीतटीची झाली. मात्र विश्वासराव पडले, त्यानंतर सदाशिवरावभाऊही दिसेनासे झाले आणि सैन्याचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंत सर्व संपले होते. तुकोजी रणात पडले. जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारले गेले. ज्या घराण्याने सहा वर्षांपूर्वी जयाप्पांना आणि एका वर्षापूर्वी दत्ताजींना गमावले होते, त्या घराण्याची कर्ती पिढी जवळजवळ संपुष्टात आली.

महादजी आपल्या दख्खनी घोडीवरून दक्षिणेच्या दिशेने निघाले. एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग सुरू केला. घोडी चपळ होती, तर अफगाणाचा घोडा धिप्पाड आणि दमदार. महादजींनी कितीही वेग वाढविला तरी मागचा स्वार काही हटेना. शेवटी थकलेली घोडी एका खड्ड्यात कोसळली. स्वाराने महादजींना गाठले, त्यांच्या गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरची मौल्यवान वस्त्रे आणि दागिने काढून घेतले आणि त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. त्या घावाने महादजी जन्मभराचे अधू झाले.

सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात ही हकीकत नोंदविली आहे. महादजी आपल्या दरबारातील इंग्रज वकिलाला ही आठवण वारंवार सांगत असत. उत्तर हिंदुस्थानचे सर्वांत सामर्थ्यवान सरदार झाल्यानंतरही, तो मागून येणारा स्वार आपल्याला झोपेत दिसतो असे ते सांगत. युद्धातून देहाने परतलेला माणूस मनाने पुष्कळदा तेथेच राहतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. अडीच शतकांपूर्वीच्या एका सेनापतीने ते आपणहून बोलून दाखविले, याचे आपल्याला आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

पखालीचा बैल

त्या काळी कोणतेही सैन्य भिस्त्यांवाचून चालू शकत नसे. भिस्ती म्हणजे पाणी वाहून नेणारा. खांद्यावर कातड्याची मशक किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सोडलेली मोठी पखाल घेऊन तो छावणीभर पाणी पुरवीत असे. फार्सी भाषेत बिहिश्त म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीचा, अशा भावनेतून हा शब्द रूढ झाला असे मानतात. शब्द असा मोठा असला तरी छावणीतील त्याचे स्थान अगदी खालचे होते. लढाईच्या बखरीत सरदारांची नावे येतात, भिस्त्यांची येत नाहीत. विजयात त्यांचा वाटा कोणी मोजत नाही आणि पराजयात त्यांच्या मरणाचीही कोणी गणती करीत नाही.

राणेखान हा असाच एक मुसलमान भिस्ती. पराभूत सैन्य वाट फुटेल तिकडे पळत असताना त्याला रस्त्यात पडलेले महादजी दिसले. आता त्या क्षणाचा थोडा विचार करावा. कडाक्याची थंडी होती. विजयी अफगाण स्वार पळणाऱ्यांचा माग काढीत होते. राणेखानाकडे एक बैल होता, आणि त्या बैलावर स्वतः बसून किंवा आपले सामान लादून तो दूर जाऊ शकत होता. जखमी माणसाला बरोबर घेणे म्हणजे आपला वेग कमी करणे, आणि वेग कमी करणे म्हणजे मरणाला जवळ बोलावणे. शिवाय समोर पडलेल्या माणसाच्या अंगावर सरदारकीची कोणतीही खूण उरली नव्हती. अफगाणाने ती सगळी काढून नेली होती. या माणसाकडून पुढे काही मिळेल, अशी आशा धरण्यासारखी परिस्थितीच नव्हती. ज्या घराण्याचा तो होता ते घराणेही त्या दिवशी जवळजवळ बुडाले होते.

राणेखानाने त्यांना उचलले, आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेची वाट धरली.

पानिपतपासून मराठी मुलूख शेकडो कोस दूर. पराभवाची बातमी पुढे गेली की वाटेतील गावे परक्या सैनिकांना लुटतात, हा त्या काळचा सर्वत्र अनुभव होता. मात्र सगळीकडेच तसे घडले नाही. भरतपूरच्या सूरजमल जाटाने आपल्या मुलखात आलेल्या हजारो निराश्रित मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि औषधोपचार देऊन पुढे रवाना केले, हे उपकार महाराष्ट्राने विसरू नयेत असेच आहेत. अशा त्या वाताहतीतून राणेखानाने महादजींना सुखरूप बाहेर काढले आणि ते दक्षिणेत परतले. पानिपतचा धक्का सहन न होऊन नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर निवर्तले. घरोघरी सुतक होते. अशा काळात महाराष्ट्रात परतलेल्या त्या तरुण जखमी सरदाराजवळ ना सैन्य होते, ना दौलत, ना धड पाय.

उपकाराची फेड

संकटात मिळालेली मदत बहुतेक माणसे मान्य करतात. पण ती मदत करणारा आपल्याहून खालच्या स्थानावरचा असला, तर आपले दिवस पालटल्यावर त्याला जवळ ठेवणे अनेकांना अवघड जाते. तो जवळ असला की आपल्या असहायतेची आठवण होते. अशा माणसाला काही रक्कम द्यावी, एखादे गाव इनाम द्यावे आणि मानाने दूर ठेवावे, ही जगाची रीत. महादजींनी ही रीत पाळली नाही.

त्यांचे दिवस लगेच पालटलेही नाहीत. शिंद्यांच्या सरदारकीवर अनेकांनी हक्क सांगितला. राघोबादादांचा कल दुसऱ्यांकडे होता. महादजींच्या जन्माविषयी आणि त्यांच्या अधू शरीराविषयी बोलणारेही होते. सात वर्षे हा वाद चालला. अखेर १७६८ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी शिंद्यांची दौलत महादजींच्या हाती सोपविली. या साऱ्या काळात राणेखान त्यांच्याबरोबर होता.

सत्ता हाती आल्यावर महादजींनी राणेखानाला सैन्यात घेतले आणि टप्प्याटप्प्याने मोठ्या पदावर चढविले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी त्याला भाऊ मानले. पानिपतावर त्यांनी आपला सख्खा भाऊ गमावला होता. त्याच भूमीवर त्यांना हा दुसरा भाऊ मिळाला. तेव्हापासून राणेखानाच्या नावामागे भाई हा शब्द कायमचा जोडला गेला. दरबारात, छावणीत आणि मराठी पत्रव्यवहारात तो राणेखान भाई म्हणूनच ओळखला जाऊ लागला. एक हिंदू मराठा सरदार आणि एक मुसलमान भिस्ती यांच्यातील हे नाते कोणत्याही धर्मविधीने जुळलेले नव्हते, तर वाटेवर एकाने दुसऱ्यासाठी थांबण्यातून ते निर्माण झाले होते.

वडगावची लढाई

आता आपल्या परिसराकडे वळू. राघोबादादांना पेशवेपदावर बसविण्याचे निमित्त करून मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस पुण्यावर स्वारी केली. सुमारे ३,९०० सैनिक आणि सामान वाहण्यासाठी तब्बल १९,००० बैल असा तो लवाजमा होता. पनवेलहून खंडाळ्याचा घाट चढायला आणि मावळात उतरायलाच त्यांना आठवडे लागले. स्वारीचा कारभार एका समितीकडे होता. तिच्यातील मॉस्टिन हा पुण्याची माहिती असलेला एकमेव सदस्य आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला. सेनापती एगर्टन याचीही प्रकृती ढासळलेली होती. त्याच्या जागी लवकरच कॉकबर्न याला नेमावे लागले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. याच शूर शत्रूला मावळातील लोक इष्टुर फाकडा म्हणत आणि त्याची समाधी वडगावात आहे.

महादजी शिंदे, नाना फडणवीस, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. शत्रूला पुढे येऊ द्यायचे, पण त्याला दाणा, वैरण आणि पाणी मिळू द्यायचे नाही, असा त्यांचा बेत होता. पानिपतावर उपासमारीने काय होते हे महादजींनी स्वतः भोगले होते. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावी पोहोचले तेव्हा गाव ओस पडले होते आणि जाळलेले होते. पुढे चिंचवडही जाळले जाईल, आणि वेळ पडली तर खुद्द पुण्याचीही मराठे पर्वा करणार नाहीत, अशा बातम्या त्यांच्या कानी आल्या. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे देवस्थान. तेही पणाला लावण्याची या लोकांची तयारी आहे, हे पाहून इंग्रजांच्या समितीचा धीर खचला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि ते माघारी वळले. मात्र वडगावपाशी त्यांची पूर्ण कोंडी झाली. रस्ता उरला नाही. जानेवारीच्या मध्यास त्यांनी महादजींमार्फत तह केला. १७७३ पासून जिंकलेला मुलूख परत देण्याचे त्यांनी कबूल केले.

शरण आलेल्या सैन्याची कत्तल झाली नाही. दोन ओलीस ठेवून घेतल्यावर त्या सैन्याला मुंबईस जाऊ देण्यात आले. पुढे कंपनी सरकारने हा तह धुडकावला आणि युद्ध पुन्हा पेटले. ते १७ मे १७८२ रोजी सालबाईच्या तहाने संपले, आणि त्या तहातही मध्यस्थीचा मान महादजींनाच मिळाला. हाती सापडलेल्या पराभूत सैन्याला सुखरूप घरी जाऊ देणारा हा मराठा सरदार अठरा वर्षांपूर्वी स्वतः पराभूत होऊन घराच्या वाटेवर पडला होता, हे वडगावच्या स्मारकासमोर उभे राहताना ध्यानात ठेवावे.

दिल्लीच्या किल्ल्यात

राणेखानाच्या कर्तृत्वाचा खरा कस लागला तो १७८७ आणि १७८८ या दोन वर्षांत. बादशहा शाह आलम याने १७८४ मध्ये पेशव्यांना राज्याच्या सर्वोच्च मुखत्यारीचे पद दिले होते आणि त्यांच्या वतीने महादजी कारभार पाहत होते. पण १७८७ साली लालसोटच्या मोहिमेत जयपूर आणि जोधपूरच्या सैन्यापुढे त्यांचे काही चालेना. त्यांच्याच पलटणी फितूर होऊन शत्रूला मिळाल्या. मिळविलेले सर्व हातचे जाण्याची वेळ आली. आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड तेवढे तग धरून होते. पानिपतनंतरची ही सर्वांत कठीण घडी होती.

या घडीला महादजींनी आपले सैन्य राणेखान भाईच्या हाती दिले. १८ जून १७८८ रोजी आग्र्याजवळ त्याने इस्माईल बेगाचा पूर्ण पराभव केला. इकडे दिल्लीत रोहिला सरदार गुलाम कादिर याने लाल किल्ला बळकावून अनन्वित अत्याचार चालविले होते. १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. राजकुटुंबातील स्त्रिया आणि मुले यांचे अन्नपाणी तोडले. राणेखान आणि मूळचे गोव्याकडील जिवबादादा बक्षी हे सैन्य घेऊन दिल्लीवर चालून गेले. ऑक्टोबरमध्ये गुलाम कादिर किल्ला सोडून पळाला. राणेखान आत शिरला तेव्हा त्याच्यासमोर आंधळा बादशहा आणि भुकेने व्याकूळ झालेले त्याचे कुटुंब होते. त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचविण्याची व्यवस्था त्याने केली. त्यानंतर गुलाम कादिराचा पाठलाग करून त्याला मेरठेत कोंडण्यात आले आणि वर्षअखेरीस तो पकडला गेला.

ज्याने आयुष्याची सुरुवात तहानलेल्यांना पाणी देण्याने केली, त्याच्या हातून दिल्लीच्या बादशहाला अन्न मिळावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

शांबेरीचा कॅथलिक सेनानी

आग्र्याच्या त्या लढाईत महादजींच्या बाजूने आणखी एक सेनानी होता, ज्याचा उल्लेख आपल्या वाचकांना विशेष वाटेल. बेन्वा द बॉईन यांचा जन्म ८ मार्च १७५१ रोजी आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सॅव्हॉयमधील शांबेरी या गावी एका कॅथलिक व्यापाऱ्याच्या घरी झाला. नशीब काढण्यासाठी देशोदेशी फिरत ते हिंदुस्थानात आले आणि सुमारे १७८४ मध्ये महादजींच्या सेवेत रुजू झाले. त्यांनी युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभारल्या. १७९० साली पाटण आणि मेडता येथील विजय याच पलटणींनी मिळवून दिले.

या पलटणींची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जखमी शिपायांना रणांगणावरून उचलून आणण्यासाठी त्यांत वेगळे पथक होते. जखमी शिपायाचा पगार कापला जात नसे. उलट जखमेच्या मानाने त्याला काही रक्कम मिळे. कायमच्या अधू झालेल्यांना निवृत्तिवेतन मिळण्याची सोय होती. त्या काळच्या हिंदी सैन्यांत हे नवीन होते. ही योजना द बॉईन यांची. पण ज्या धन्याच्या पदरी ती राबविली गेली, तो स्वतः रणात जखमी होऊन पडलेला होता आणि एका माणसाने उचलले म्हणून जगला होता.

द बॉईन यांची आपल्या धन्यावर अपार निष्ठा होती. महादजींच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन वर्षे त्यांनी दौलतराव शिंद्यांची चाकरी केली. मात्र प्रकृती पूर्ण खालावल्याने १७९५ च्या अखेरीस त्यांनी सैन्याचा निरोप घेतला आणि १७९६ मध्ये कोलकात्याहून ते जहाजाने युरोपला परत गेले. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी आपल्या जन्मगावी घालविला आणि हिंदुस्थानात कमावलेल्या संपत्तीचा फार मोठा भाग तेथील रुग्णालयासाठी, निराधार वृद्धांच्या आश्रमासाठी आणि गोरगरिबांसाठी खर्च केला. २१ जून १८३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १८३८ साली उभारलेले चार हत्तींचे कारंजे शांबेरीच्या चौकात आजही आहे.

पुण्यातील अखेरची वर्षे

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाकडून आलेली मानाची वस्त्रे सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण करण्याचा मोठा समारंभ झाला. उत्तरेत बादशहाचे रक्षणकर्ते म्हणून मिरविणारे महादजी पेशव्यांसमोर मात्र स्वतःला केवळ पाटील म्हणवून घेत. बगलेत नवे जोडे आणून त्यांनी ते पेशव्यांच्या पायात चढविले, कारण आपल्या वडिलांचे काम हेच होते असे त्यांचे म्हणणे होते. काहींनी यात धूर्तपणा पाहिला, आणि तो नव्हताच असे म्हणता येणार नाही. महादजी मुत्सद्दी होते. त्यांच्या फौजांनी राजस्थानात खंडणीसाठी केलेली पिळवणूकही इतिहासाने नोंदविली आहे. ते काही संत नव्हते. पण आपण कोठून आलो आणि कोणामुळे आलो हे न लपविण्याचा त्यांचा स्वभाव त्या जोड्यांत दिसतो, तसाच तो राणेखानाच्या बाबतीतही दिसला होता.

याच १७९२ साली पुण्यात आणखी एक घटना घडली. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील अनेक ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि तेथे पुण्यातील पहिले कॅथलिक मंदिर उभे राहिले. आज आपण त्याला सिटी चर्च म्हणतो. महादजी पुण्यात होते त्याच दिवसांत ही घडामोड झाली. मराठी फौजेच्या छावणीत मुसलमान सेनापती, सारस्वत बक्षी, सॅव्हॉयचा सेनानी आणि गोव्याचे ख्रिस्ती शिपाई एकाच निशाणाखाली होते, हे आपल्या धर्मप्रांताच्या पूर्वेतिहासातही नोंदण्याजोगे आहे.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे तापाच्या दुखण्याने महादजींचे निधन झाले. तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी उभी असलेली शिंदे छत्री पाहण्यासाठी आजही लोक जातात.

एका शब्दाचे मोल

पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या या पट्ट्यात आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे पोटासाठी येतात. यंत्रावर काम करताना कोणी जायबंदी होतो, कोणी आजाराने खचतो आणि गावी परत जातो. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा राहतो आणि काम पुढे चालू राहते. परत गेलेल्याची चौकशी कोण करतो? त्याला गाडीत बसवून देण्यासाठी स्थानकापर्यंत कोण जातो? आणि जो गेला होता, त्याचे स्वतःचे दिवस पालटले तर तो आपल्याला पोहोचविणाऱ्याची ओळख ठेवतो का? हे प्रश्न पानिपतच्या वाटेवर होते तसेच आजही आहेत.

राणेखानाने विचारले नाही की पडलेला माणूस कोण आहे. महादजींनी पुढे तेहतीस वर्षे कधी विसरू दिले नाही की उचलणारा कोण होता. मैत्रीला या दोन्ही गोष्टी लागतात. पहिली एका क्षणात घडते, दुसरी आयुष्यभर रोज करावी लागते, आणि म्हणूनच ती अधिक दुर्मीळ असते.

शिंद्यांचे दिल्लीवरील वर्चस्व १८०३ साली संपले. द बॉईन यांच्या पलटणी त्याच युद्धात नामशेष झाल्या. पदे, जहागिरी, किताब यांतले बहुतेक काळाच्या ओघात वाहून गेले. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र त्या पाणक्याचे नाव आजही जसेच्या तसे वाचायला मिळते, आणि त्या नावापुढे महादजींनी दिलेला शब्द तेवढाच ठळक आहे: भाई.